स्पेशल मराठी

आता कॉलेजांतून ‘ऑनर्स’ हा शब्द रुळू लागला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत चार वर्षांची पदवी सुरू झाली. तीन वर्षं करून बाहेर पडलं तर नेहमीची पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मुख्य विषयाला ‘मेजर’ म्हणायचं आणि जोडीच्या विषयाला ‘मायनर’. आमच्या वेळी पुणे विद्यापीठात हे शब्द कानावर पडत नव्हते. आमच्याकडे होतं ‘स्पेशल’. एफ.वाय.ला सगळेच जनरल. एस.वाय.ला गेलं की एक विषय स्पेशल म्हणून निवडायचा. त्याच्या जनरलच्या पेपराखेरीज आणखी दोन पेपर, एस-वन आणि एस-टू. टी.वाय.ला एस-थ्री आणि एस-फोर. म्हणजे दोन वर्षं मुलगा किंवा मुलगी एका विषयाच्या घरी मुक्कामाला जायची. ‘तुझं स्पेशल काय?’ हा प्रश्न एस.टी. स्टँडवर विचारला जायचा आणि सोयरिकीच्या बोलण्यांतही.

माझं स्पेशल मराठी होतं. हे सांगितलं की दोन प्रकारचे चेहरे बघायला मिळायचे. कॉलेजातल्या मुली म्हणायच्या, ‘अगंबाई, मराठी? तुला जमतं?’ आणि आमच्या मोहल्ल्यातल्या खाला म्हणायच्या, ‘उर्दू नहीं मिली क्या बेटा?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. आमच्या गावात शाळा एकच, जिल्हा परिषदेची, मराठी. पहिलीपासून मी तीच भाषा लिहीत आले होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. हा लेख त्याबद्दलचाच आहे.

आमचं घर मणियाराचं. श्रीगोंदा तालुक्यातलं गाव. अब्बा बाजार करायचे, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस सहा गावांच्या बाजारांत पाल ठोकून बसायचे. काष्टीच्या बाजाराला पहाटेच निघायचे. माल पुण्याहून रविवार पेठेतून आणायचे. काच सगळी फिरोजाबादची. अम्मा गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची घरं करायची. लग्न, डोहाळजेवण, नागपंचमी, गौरी, असं काही असलं की अम्माला बोलावणं यायचं. डोक्यावर टोपली घेऊन ती जायची, ओसरीवर बसायची आणि बाया पुढ्यात हात धरून बसायच्या. मीही लहानपणी तिच्यामागं जायची. टोपलीतल्या बांगड्या मापाप्रमाणे ओवून ठेवणं हे माझं काम.

घरात अम्मा आमची दखनी बोलायची आणि ओसरीवर गेली की मराठी. उंबरा ओलांडताना पदर सारखा करावा तशी ती भाषा सारखी करायची. ‘मूठ आवळू नको गं, हात सैल सोड, अंगठा आत घे’ हे तिनं हजारो बायांना सांगितलं असेल. शाळा तिनं चौथीपर्यंत पाहिली, तीही उर्दू. तिला मराठी वाचता येत नव्हतं. पण त्या ओसऱ्यांवर बायका आपसांत ज्या गोष्टी बोलायच्या त्या सगळ्या तिच्यासमोर बोलायच्या. त्यामुळे गावातल्या पुरुषांनाही ठाऊक नसलेली मराठी तिला ठाऊक होती. हे मला त्या वेळी कळत नव्हतं. आपल्या घरात पुस्तक नाही, आपली घरची भाषा धड उर्दू नाही आणि धड मराठीही नाही, असंच माझ्या मनात असायचं. अहमदनगरच्या आमच्या नातेवाइकांकडं जरा साफ उर्दू चालायची. तिथं गेलं की मी फारसं बोलतच नसे.

मी मराठी स्पेशल घेतलं त्यामागं फार मोठा विचार नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात कला शाखेला स्पेशलसाठी मोजकेच विषय होते आणि त्यांतल्या मराठीत मला एफ.वाय.ला सगळ्यांत जास्त मार्क होते. अब्बांनी विचारलं, ‘इससे क्या होता?’ मी म्हटलं, ‘मास्तरीण होता येतं.’ त्यांना तेवढं पुरलं. एस.टी.चा पास आणि वह्यांचे पैसे त्यांनी कधी मागायला लावले नाहीत.

एस.वाय.चं वर्ष तसं सरळ गेलं. वर्गात जनरलला शंभरावर मुलं असायची. स्पेशलच्या तासाला आम्ही अकरा जण उरायचो. अकराजणांत लपता येत नाही. सरांना प्रत्येकाचं गाव, घरचा धंदा, कुणाची एस.टी. किती वाजता सुटते, हे सगळं माहीत झालं. ‘लीळाचरित्रा’तली म्हाइंभटांची छोटी छोटी वाक्यं वाचताना सर विचारायचे, ‘असं तुमच्याकडं आजही कोण बोलतं?’ कुणी आजीचं नाव घ्यायचं, कुणी शेतावरच्या गड्याचं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शेख महंमदांचं नाव आलं, त्यांच्या ‘योगसंग्रामा’चं नाव आलं, आणि वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. खरं तर श्रीगोंद्याची सगळीच मुलं लहानपणापासून त्या ठिकाणी जात आलेली. पण तो माणूस सतराव्या शतकातला मराठी ग्रंथकार होता, विद्यापीठाच्या परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येऊ शकतो, हे आम्हां अकराही जणांना नवंच होतं.

टी.वाय.ला भाषाविज्ञान आलं. त्या विषयाची सगळ्यांना धास्ती. स्वन, स्वनिम, रूपिका असे शब्द. पण मला तो विषय पहिल्या महिन्यातच आवडायला लागला, कारण त्यात चांगली भाषा आणि वाईट भाषा असं काही नव्हतं. जी बोलली जाते ती भाषा. सर फळ्यावर बोलींची उदाहरणं लिहायचे आणि प्रमाण मराठीच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहायचे.

एक तास अर्थपरिवर्तनाचा होता. शब्दांचे अर्थ का बदलतात याची कारणं चालली होती. त्यात एक कारण, अशुभ गोष्ट तोंडानं बोलायची नाही म्हणून तिच्यासाठी शुभ शब्द वापरणं. सरांनी उदाहरणं दिली. नारळ ‘फोडला’ म्हणायचं नाही, ‘वाढवला’ म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं तरी ‘वाढवलं’. बांगडी फुटली तर ‘वाढवली’. बांगडीचं नाव निघाल्यावर मी सरळ बसले. हा तर आमच्या घरचा शब्द. भरताना बांगडी तडकली की अम्मा चटकन म्हणायची, ‘वाढवली बरं का’, आणि दुसरी घ्यायची. भरताना गेलेल्या बांगडीचे पैसे घ्यायचे नाहीत हा आमच्या धंद्याचा नियम. ती बाई मुसलमान असो की मराठा, अम्माच्या तोंडून ‘फुटली’ हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

आणि मग दुसरंच काही आठवलं. रात्री जेवणं झाली की आमच्याकडं दादी म्हणायची, ‘दस्तरखान बढाओ.’ म्हणजे उचला, आवरा. अब्बा दिवेलागणीनंतर म्हणायचे, ‘दुकान बढाके आया.’ म्हणजे बंद करून आलो. वीज नव्हती तेव्हाच्या दिवसांत दादी म्हणायची, ‘चिराग बढा दो.’ म्हणजे विझवा. मी हात वर केला आणि हे सगळं सांगितलं. वर्ग हसेल असं वाटलं होतं. सर क्षणभर थांबले, म्हणाले, ‘हे मला माहीत नव्हतं. सावकाश सांग, लिहून घेतो.’ आणि त्यांनी ‘वाढवणे’च्या शेजारी फळ्यावर ‘बढाना’ लिहिलं, दोन्हींच्या वर ‘वृध्’ धातू लिहिला आणि खाली दोन रेघा काढल्या. म्हणाले, ‘धातू एक, आणि भीतीही एक. आपल्या दोघांच्या आज्यांना विझणं, तुटणं, संपणं हे शब्द नको होते.’

त्या दिवशी घरी जाताना एस.टी.त मी आमच्या घरचे शब्द मोजत बसले. नंतर सरांनीच पुढचं दाखवलं. आम्ही घरी ‘नक्को’ म्हणतो. मराठीतल्या ‘नको’वरून दखनीनं उचललेला तो शब्द पार हैदराबादपर्यंत चालतो. आम्ही ‘ऐसाच’, ‘वैसाच’, ‘मैंच’ म्हणतो. हा शेवटचा ‘च’ मराठीचा. उर्दूत त्या जागी ‘ही’ असतो. म्हणजे जी भाषा मी नातेवाइकांपुढं लपवत होते, तिच्यात मराठी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती.

कॉलेजच्या लायब्ररीत माधवराव पटवर्धनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ होता, १९२५ सालचा. हेच पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, आणि पुढं भाषाशुद्धीचा पुरस्कार करणारेही तेच. एकाच माणसानं परक्या शब्दांचा कोश केला आणि ते शब्द शक्यतो टाळावेत असंही सांगितलं, हे सर मिस्कीलपणे सांगायचे. मी तो कोश वाचत बसायची. हजेरी, कागद, शाई, दप्तर, खुर्ची, हुशार. आमच्या वर्गातल्या निम्म्या वस्तू त्यात होत्या. आमच्या टोपलीतलंही काही सापडलं. ‘राजवर्खी’ बांगड्या असतात. त्यातला ‘राज’ संस्कृत आणि ‘वर्ख’ अरबी. आणि आमची जात ‘मणियार’, तो शब्द मात्र त्या कोशात नव्हता. सर म्हणाले, ‘तो नाहीच सापडायचा तिथं. मणिकार. संस्कृत आहे तो.’

हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबर १९९५ मध्ये चाललं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीचे बाजार आटोपल्यावर, अब्बा बाजारातून आले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. सेहेचाळीस वर्षांचे होते.

अम्मा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. दोघं भाऊ माझ्याहून लहान, एक नववीत आणि एक सहावीत. दिवाळीचा सगळा माल उधारीवर आणलेला होता आणि तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. मणियाराच्या घरात हे सांगावं लागत नाही: तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, आणि त्या चार-पाच महिन्यांत वर्षभराचं मीठ-मिरची निघते. चाचा आले, म्हणाले, ‘लडकी को कॉलेज से निकालो, माल मैं बेच देता.’ अम्मा पडद्याआडून म्हणाली, ‘माल बेटी बेचेगी. कॉलेज भी जाएगी.’ अम्मा चाचांसमोर इतकं सरळ बोलली ती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

पण मला बांगड्या भरता येत नव्हत्या. ओवता येत होत्या, मोजता येत होत्या. नवरीच्या हातात पंचवीस-तीस हिरव्या बांगड्या एकही न वाढवता चढवणं ही वेगळी गोष्ट. अम्माला बाहेर येता येत नव्हतं, म्हणून ती आतल्या खोलीत मला शिकवायची. आधी शेजारच्या बायांच्या हातांवर, मग माझ्याच डाव्या हातावर. आजवर तिला ही गोष्ट कुणाला सांगावी लागली नव्हती. हाताला येत होती, ती आता तोंडानं सांगायची वेळ आली. हात बघून माप कसं ओळखायचं, सव्वादोन कुणाला आणि अडीच कुणाला. कष्टाच्या हाताचा सांधा रुंद आणि मनगट बारीक, त्याला माप सांध्याचं घ्यायचं. करंगळीकडून दाब द्यायचा. बाई बोलत असली की हात सैल असतो, म्हणून तिला माहेरचं काहीतरी विचारायचं आणि ती उत्तर देते तेवढ्यात बांगडी सरकवायची. मी हे सगळं लिहून घेतलं. दुसरी वही नव्हती, म्हणून भाषाविज्ञानाच्या वहीच्या मागच्या बाजूनं सुरुवात केली. पुढून स्वनिम, मागून बांगड्या.

नोव्हेंबरपासून मी सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर घरं असं करू लागले. लांबच्या बाजारांचं पाल सोडून दिलं, जवळचे दोन ठेवले. पालात बसून एस-थ्रीचं पुस्तक उघडायचं, गिऱ्हाईक आलं की मिटायचं. साहित्यशास्त्रातल्या अभिधा, लक्षणा, व्यंजना मी बाजाराच्या गलबल्यात पाठ केल्या. ‘जरा बरा माल दाखव की’ या वाक्यातली व्यंजना समजायला तर पुस्तकाची गरजच पडली नाही.

डिसेंबरात आमच्या अकराजणांतल्या एका मैत्रिणीच्या थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. बोलावणं आमच्या घरी आलं, कारण त्या घराची मणियारीण पिढीजात आम्हीच. मी टोपली घेऊन गेले. ओसरीवर पंधरा-वीस बाया, मधे पाटावर नवरी, शेजारी माझी मैत्रीण. सकाळी आम्ही एकाच बाकावर बसून रससिद्धान्त ऐकला होता. तिला काय बोलावं कळेना आणि मलाही. मी नवरीचा हात हातात घेतला, अम्मानं सांगितल्याप्रमाणे माप पाहिलं आणि कामाला लागले. दोन्ही हातांत मिळून एक वाढवली, तीही शेवटची. त्यांची आजी म्हणाली, ‘असू दे पोरी, तुझी अम्माही एक ठेवायचीच माझ्यासाठी.’

बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला नमस्कार करायचा ही रीत आहे. नवरीनं वाकून केला. मग माझ्या मैत्रिणीनं हात पुढं केला, तिलाही भरल्या. आणि तीही उठून वाकली. मी तिचे हात धरले, म्हटलं, ‘अगं, मी आहे.’ ती म्हणाली, ‘माहितेय. तरी करायचा असतो.’ दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही दोघी नेहमीसारख्या बसलो. ती अजूनही मला त्या दिवसाबद्दल काही म्हणत नाही. पण तिचं पत्र आलं की शेवटी ‘नमस्कार’ हा शब्द ती पूर्ण लिहिते.

त्या वर्षी ईद फेब्रुवारीत होती. आमच्या धंद्यात चाँदरात म्हणजे वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र. अम्माची इद्दत संपायला अजून काही दिवस होते. मी आणि सहावीतला भाऊ रात्री दीडपर्यंत पालात होतो. तो पैसे घ्यायचा, मी भरायची. रोज्यानंतरच्या त्या रात्री किती हात भरले ते मोजलं नाही, पण पहाटे माझी बोटं मिटत नव्हती. ईदच्या दिवशी उधारीतली शेवटची रक्कम बाजूला काढून ठेवली. त्यानंतर महिनाभरानं परीक्षा. टी.वाय.चा निकाल लागला तेव्हा मला अठ्ठावन्न टक्के होते. भाषाविज्ञानात वर्गात पहिली आले. बाकीच्या पेपरांत जे झालं ते झालं. सरांनी निकालाचा कागद पाहून एवढंच म्हटलं, ‘स्पेशल झालं तुझं.’

स्पेशलनंतरचं आयुष्य हे मात्र कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. एम.ए. मी बहिःस्थ केलं, घरं करत करत. मग बी.एड. मग मुलाखती. एका संस्थेच्या हायस्कुलात मराठीच्या जागेसाठी गेले. समोरच्या तिघांपैकी एकानं माझं नाव वाचलं आणि म्हणाला, ‘उर्दूची जागा नाहीये आमच्याकडं.’ मी म्हटलं, ‘मराठीच्याच जागेसाठी आले आहे.’ त्यानं अर्ज पुन्हा वाचला. मग विचारलं, ‘घरी काय बोलता?’ मी म्हटलं, ‘दखनी. त्यात मराठी पुष्कळ आहे.’ तिथं ते संपलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्यानं बाहेर बोलावून संस्थेच्या इमारत निधीचा आकडा सांगितला. तो आकडा अम्मानं आयुष्यात भरलेल्या सगळ्या बांगड्यांहून मोठा असावा. त्याला मात्र माझ्या नावाची काही अडचण नव्हती. तो निधी सगळ्यांनाच सारखा होता, माझ्या वर्गातल्या इतरांनाही.

चार वर्षं एका ज्युनियर कॉलेजात तासांवर शिकवलं. तासांचे पैसे सहा-सहा महिन्यांनी यायचे. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज आहे, इतक्या लांबून येतो म्हणून उशीर होत असावा, असं आम्ही तासिकावाले एकमेकांना सांगायचो. सुट्टीत आणि लग्नसराईत टोपली होतीच. तोवर धाकट्या भावानं बाजार सांभाळायला घेतला होता. २००३ साली नगरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीची जागा निघाली, आणि मी तिथं लागले. आजही तिथंच आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, शाळेच्या भिंतींचा रंग तीनदा बदलला, मराठीचा तास मात्र अजून जेवणाच्या सुट्टीनंतरच असतो.

खालांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. उर्दू मिळाली नाही म्हणून मी मराठी घेतली नव्हती, आणि मराठी घेतली म्हणून उर्दू सुटलीही नाही. पाचवीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना विचारते, ‘मराठी येते का?’ सगळी मुलं म्हणतात, ‘नहीं मॅडम.’ मग विचारते, ‘भेंडीची भाजी हवी का?’ वर्ग ओरडतो, ‘नक्को!’ मी फळ्यावर ‘नको’ लिहिते आणि सांगते, आली की मराठी. मग ‘ऐसाच’ लिहून शेवटच्या ‘च’खाली रेघ मारते. आपल्या आईचं बोलणं फळ्यावर लिहिलं जातं याचंच त्यांना आधी नवल वाटतं.

पुढचं सगळं कष्टाचं असतं. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. ‘किताब’ स्त्रीलिंगी म्हणून मुलं ‘ती पुस्तक’ लिहितात. ‘पानी’ पुल्लिंगी म्हणून ‘तो पाणी’. ही चूक अडाणीपणाची नाही, तिला व्याकरण आहे, हे मला भाषाविज्ञानानं शिकवलं. म्हणून मी लाल शाईनं नुसती फुली मारत नाही, शेजारी कारण लिहिते. ‘ळ’ त्यांच्या लिपीत नाही आणि जिभेवरही नसतो. ‘काल’ आणि ‘काळ’ वेगळे करायला निम्मं वर्ष जातं. पण एका बाबतीत ही मुलं पुढं असतात. मराठीत ‘जग’मधला ज आणि ‘जमीन’मधला ज वेगळा उच्चारतात, अक्षर मात्र एकच. मराठी माध्यमाच्या मुलाला हा फरक बोलता येतो, सांगता येत नाही. माझ्या मुलांच्या लिपीत जीम वेगळा आणि जे वेगळा. ती पटकन म्हणतात, ‘मॅडम, ये जीमवाला, वो जेवाला.’ एवढं ऐकलं की माझा तो दिवस चांगला जातो.

दर वर्षी २७ फेब्रुवारीला शाळेत भाषण माझंच असतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही मुख्याध्यापकांनी मलाच बोलायला सांगितलं. मी ‘लीळाचरित्रा’बद्दल बोलले, शेख महंमदांबद्दल बोलले, आणि मग वाढवण्याबद्दल. घरी जाऊन आजीला विचारा, दस्तरखान उचलताना ती काय म्हणते, असं मुलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार मुली सांगत आल्या की आजी ‘बढाओ’च म्हणते. बाकीच्यांच्या घरी आता ‘उठाव’ म्हणतात.

अम्मा २०११ मध्ये गेली. शेवटच्या काळात तिचे हात थरथरायचे, पण हात बघून माप सांगायची ते बरोबर असायचं. त्या वहीचा मागचा भाग मी भरत गेले होते. बांगड्यांची नावं, मापं, रिती, कोणत्या घरी काय म्हणायचं नाही, कोणत्या शब्दाऐवजी कोणता शब्द. आता काचेच्या बांगड्या भरून घ्यायला बाया ओसरीवर बसत नाहीत. धाकट्या भावाच्या दुकानात खोक्यांतून नेतात आणि घरी स्वतः चढवतात. बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणतात.

त्याच भावाची मुलगी सध्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या पद्धतीत. तिनं मेजर मराठी घेतलं. भाऊ म्हणाला, ‘तीन साल ठीक है, चौथा साल किसलिए?’ पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के पडले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतो, हे तिनंच आम्हांला समजावून सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘फुप्पी, तुम्हें क्या मिला इससे?’

प्रश्न सरळ होता, म्हणून मी हिशेब सरळ सांगितला. नोकरी मिळाली, तीही सात वर्षं वाट पाहून. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले म्हणून जुनी पेन्शन आहे. ती तुला असणार नाही. प्राध्यापक झाले नाही. पुस्तक लिहिलं नाही. पण अम्मा आयुष्यभर काय बोलत होती ते मला ऐकू आलं. स्पेशल केलं नसतं तर तिची भाषा मला आयुष्यभर नुसती धंद्याची भाषा वाटली असती, आणि इद्दतीच्या त्या चार महिन्यांत तिनं मला जे दिलं ते मी वहीत लिहून घेतलं नसतं. याची किंमत किती ते मला सांगता येणार नाही. तुझ्या वडलांना मात्र सांग, चौथ्या वर्षाची फी मी भरते.

भावानं मान हलवली. तो दुकान वाढवायला निघाला होता.